फाटकी बाही

सकाळी अकरा वाजता मुकादमाची बायको फाटका शर्ट घेऊन आत्यांच्या दारात आली आणि रांगेकडे न बघता थेट पायरीवर चढली.

दारात आत्यांचा भाचा उभा होता. त्याने हात आडवा केला.

"ताई, टोकन?"

"टोकन नाही. शर्ट आहे."

"शिवणकाम आपण कधीच बंद केलं. पुढच्या कोपऱ्यावर शिंपी आहे, हात चांगला आहे त्याचा. माझे सगळे कपडे त्याच्याकडेच असतात."

"तुमचे असू देत. मला आत्यांकडेच द्यायचाय."

रांगेतली एक म्हातारी करवादली, "आणि आम्ही काय इथे सकाळपासून माश्या मारतोय का?"

मुकादमाच्या बायकोने मागे वळून हात जोडले. तिचे डोळे बघून म्हातारीनेच भाच्याला सांगितलं, "सोड रे तिला. माझं काय, गुडघाच आहे. तो कुठे पळून जातोय."

आत बसलेली आत्या खरं तर एकट्या भाच्याची आत्या. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं गाव तिला आत्याच म्हणू लागलं होतं. नवरा गेल्यावर तिने त्याचं शिवणकामाचं दुकान चालवलं. नवे कपडे तिला कधी फारसे जमले नाहीत, पण रफू असं करायची की फाटलेलं कुठे होतं ते ज्याच्या अंगावर कपडा असे त्यालाही सापडत नसे. बायका फाटकं घेऊन येत, बसत आणि बसल्या की बोलत. मुलीला या घरी द्यावी का, भावाशी बोलणं टाकलंय ते सुरू करावं का. आत्या मान खाली घालून टाके घालत राहायची. कधीकधी दोरा तोडता तोडता ती एखादं वाक्य बोलून जायची आणि ते खरं ठरायचं. ते वाक्य कुठून येतं हे तिलाही माहीत नव्हतं. देवाकडून येतं, असं आधी इतर बायका म्हणाल्या; मग घाबरत घाबरत तीही म्हणू लागली. मात्र बहुतेक वेळा ती कपडा घडी करून हातात द्यायची आणि म्हणायची, "काही कळलं नाही गं मला. रफू तेवढं झालंय." त्या दिवसांत गावात गमतीने म्हणत, आत्याकडे रफूची खात्री, उत्तर देवाच्या मर्जीवर.

पुढे गर्दी वाढली. डोळे अधू झाले. भाच्याने दुकानामागची खोली पाडून हॉल काढला, एक फूट उंचीचा चौथरा बांधला, त्यावर उंच पाठीची खुर्ची आणि खाली लाल गालिचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्याची पाठ दुखायची आणि रांग संध्याकाळपर्यंत सरायची नाही. शिवणकाम बंद झालं तशी रांग भराभर पुढे सरकू लागली. अलीकडे कोणीही रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं.

आज ती खुर्चीत बसूनच दाराकडे बघत होती.

"ये," ती म्हणाली. "मुकादमाची ना तू?"

"हो."

"तुझ्या नवऱ्याला काल सांगितलं की मी."

"सांगितलंत." मुकादमाची बायको चौथऱ्याखाली जमिनीवर बसली. "त्याबद्दल काही म्हणणं नाही माझं. तुम्ही म्हणालात वाट मोकळी आहे, म्हणजे असेल. पण रात्रभर यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून एकेकाच्या घरी जाऊन माणसं गोळा केली. जेवताना मला म्हणतात, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं, आत्या. त्यांना चवच लागत नव्हती."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

तिने शर्ट पुढे केला. खाकी, जाड कापडाचा, कामावरचा. डावी बाही कोपरापासून खांद्यापर्यंत उसवत आणि फाटत गेलेली.

"ही शिवून द्या. माझ्या आईला द्यायचात तशी. दुपारच्या पाळीला हाच घालतील."

भाचा पुढे झाला. "आत्या, डोळ्यांना ताण..."

"सुई आण," आत्या म्हणाली.

खुर्चीवर उजेड नव्हता. तो कोणाला लागतच नव्हता. ती चौथऱ्यावरून उतरली, खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. दोरा ओवता आला नाही. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई मुकादमाच्या बायकोकडे दिली. तिने ओवून दिली.

पहिले टाके वाकडे पडले. आत्याने ते उसवले. मग हात हळूहळू जुन्या चालीवर आला. मान आपोआप खाली गेली, इतकी की नाक कापडाला लागलं. कापडाला दगडाच्या भुकटीचा वास होता. ती वाट बघत राहिली. पूर्वी असं बसलं की आत कुठेतरी पाणी निवळल्यासारखं व्हायचं. मग त्यात काही दिसायचं किंवा दिसायचं नाही. आज पाणी निवळलं आणि तळाला दिसला तो फक्त कालचा दिवस.

काल दुपारी मुकादम तिथेच, गालिच्यावर उभा होता. डोंगराच्या पोटातून नदीचं पाणी पलीकडे न्यायचं म्हणून बोगदा खणला जात होता. आतल्या टोकाला कातळ पाझरायला लागला म्हणून काम थांबलं. साहेबांनी भोक पाडून बघितलं, यंत्रं लावली आणि एका रात्रीत पाझर बंद झाला. कोरडा ठणठणीत. वरचे इंजिनीअर म्हणाले, ठीक आहे, करा सुरू. इथला तरुण इंजिनीअर म्हणाला, आकडे सगळे ठीक आहेत, पण आत तुम्ही जाता. तुमचं मन धजत नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही. मुकादमाचं मन धजत होतं आणि धजतही नव्हतं. "पाणी गेलं ते बरंच झालं," तो आत्याला म्हणाला होता, "पण गेलं म्हणजे गेलं कुठे, हे कोणी सांगत नाही." मग त्याने विचारलं होतं, "माणसं आत नेऊ का?"

आणि आत्याने डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांमागे काय होतं? तिने आठवून पाहिलं. बूट होते. मुकादमाचे बूट. नव्या गालिच्यावर चिखल होतोय, हा माणूस लवकर गेला तर बरं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "ने माणसं. वाट मोकळी आहे." तो लगेच गेला होता.

सुई थांबली.

"काल इथे यायच्या आधी तो कुठे होता गं?"

"कामावरच. सकाळी टोकापर्यंत जाऊन बघून आले, तिथून सरळ तुमच्याकडे."

"वाटेत पाऊस? नळ? काही?"

"पाऊस कुठला या दिवसांत?"

आत्याने मान वर करून गालिच्याकडे पाहिलं. भाच्याने तो रात्रीच घासून घेतला होता. घासलेल्या दोन जागा अजून काळपट ओल्या होत्या.

"पाझर थांबलाय म्हणत होता," ती म्हणाली. "आणि बूट निथळत होते त्याचे."

मुकादमाच्या बायकोने तोंडावर हात नेला आणि तसाच ठेवला.

"म्हणजे काय, आत्या?"

"मला कळत नाही, म्हणजे काय ते." सुई कापडात टोचून ठेवून ती भिंतीला धरून उठली. "एवढंच कळतंय की कालही मला काही कळलं नव्हतं. गाडी काढ रे."

"आत्या, बाहेर चाळीसेक माणसं आहेत," भाचा म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

"सांग, आज आत्याला काही कळत नाही."

"असं सांगायचं नसतं."

"मग मी सांगते." आणि ती पायरीवर येऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. गुडघेवाल्या म्हातारीने तेवढं विचारलं, "म्हणजे उद्या यायचं का?"

*

बोगद्याच्या तोंडाशी ती तिघं पोचली तेव्हा दुपारची पाळी हजेरी देऊन उभी होती. तोंडाच्या बाजूला मोठा पंखा चालू होता. माणसाला उभं राहता येईल एवढ्या जाड कापडी नळीतून तो आत हवा ढकलत होता. त्याच्या घरघरीत शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. जमीन थरथरत होती, आत जाणारे रूळ थरथरत होते. रुळांवर इंजिन आणि त्यामागे तीन डबे. पहिल्या डब्याच्या लोखंडी अंगावर कोणीतरी खडूने, मोठ्या झोकदार अक्षरांत लिहिलं होतं: वाट मोकळी आहे.

आत्याने ते वाचलं आणि पदर चाचपला. पुसायला काही हवं असावं तसा. मग तिने हात खाली घेतला.

मुकादम तिला बघून धावतच आला. वाकून नमस्कार केला. त्याच्यामागे माणसांचे चेहरे उजळले. एकाने तर टाळी वाजवली.

"आत्या, तुम्ही स्वतः! अहो निरोप दिला असतात तर..."

"बाजूला ये."

"इथेच बोला ना. त्यांनाही धीर येईल."

"बाजूला ये म्हणते ना."

पंख्यामागे, दगडांच्या ढिगाआड ती त्याला घेऊन गेली. त्याची बायको मागोमाग आली.

"काल तू विचारलंस आणि मी सांगितलं," आत्या म्हणाली. "ते माझ्या मनचं होतं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. ऐकू येतंय का?"

त्याला ऐकू आलं होतं. त्याने हेल्मेट काढलं, आत बघितलं, परत घातलं.

"हळू बोला," तो म्हणाला, जरी तिथे हळू बोललेलं ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"तुझे बूट का ओले होते काल?"

"बोगद्यातून आलेल्या माणसाचे बूट ओलेच असतात, आत्या."

"पाझर बंद झाल्यावरही?"

त्याने बुटाच्या टोकाने एक खडा सरकवला. खालची माती कोरडी होती.

"तळाला थोडं साचलेलं होतं," शेवटी तो म्हणाला. "आधीचंच असेल."

"असेल?"

"आत्या, तुमच्या कालच्या एका शब्दावर मी आज सकाळी बाहेर पडलो. यातले निम्मे यायला तयार नव्हते. एकाच्या आईने मला दारातून हाकललं. मी तिला म्हणालो, आत्यांनी सांगितलंय. तेव्हा तिने मुलाला डबा भरून दिला. आता मी कोणत्या तोंडाने त्याला म्हणू, घरी जा?"

"मी ज्या तोंडाने तुला सांगतेय त्याच."

"तुमचं वेगळं आहे. तुम्ही घरी जाल."

"तू पण ये की घरी," त्याची बायको म्हणाली. ती त्याला एरवी अहो-जाहो करत असे. त्याने तिच्याकडे चमकून पाहिलं.

"एवढंच म्हण त्यांना," आत्या म्हणाली, "की मला कळत नाही. मुकादम आहे, वीस वर्षं आत जातोय, पण आज मला कळत नाही. बस्स. पुढचं देव बघेल."

"मुकादमाने असं म्हटलं की उद्या त्याच्यामागे कोण येणार?" तो हसला, हसू अर्ध्यावर राहिलं. "आणि कशावरून आज तुम्ही बोलताय ते खरं? काल खोटं आणि आज खरं? तो परीक्षा बघत असेल माझी."

"तो परीक्षा बघत नाहीये. मी चुकले, एवढंच आहे ते."

ढिगापलीकडून कोणीतरी ओरडलं, "काय मुकादम, आशीर्वाद संपत नाही का?" हशा पिकला. मुकादमाने खांदे सरळ केले आणि बाहेर गेला.

तो माणसांसमोर उभा राहिला. आत्याला वाटलं, तो म्हणणार. त्याने तोंड उघडलंही. मग त्याची नजर डब्यावरच्या अक्षरांवर गेली आणि तिथून आपल्याकडे लागलेल्या डोळ्यांवर.

"आज एकच डबा जाईल," तो मोठ्याने म्हणाला. "इंजिन तापतंय. बाकीच्यांनी इथे थांबायचं."

इंजिन अजून चालूच केलेलं नव्हतं. त्याच्या बायकोने ते पाहिलं, आत्यानेही पाहिलं. मागचे दोन डबे सोडवले गेले. त्याने स्वतःबरोबर दोघांना घेतलं, दोघेही त्याच्याच वयाचे. ज्याच्या आईने डबा भरून दिला होता त्याला त्याने हाताने मागे लोटलं. तो मुलगा रागावला. "मी काय डबा खायला आलोय का फक्त?"

"खाऊन घे," मुकादम म्हणाला.

डब्यात चढण्याआधी तो बायकोजवळ आला.

"झाली का बाही?"

"अर्धी झालीय."

"राहू दे. आल्यावर घालतो."

इंजिन सुरू झालं. डब्यावरची अक्षरं दिव्याखालून गेली, दुसऱ्या दिव्याखालून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

*

तिथे एक रीत होती. टोकाला पोचलं की आतून दोन घंटा द्यायच्या. नंतर दर अर्ध्या तासाला एक. तोंडाशी, हजेरीच्या टेबलावर घंटा बसवलेली होती आणि तिच्याजवळ तरुण इंजिनीअर उभा होता. तो आत्याकडे बघत नव्हता. जे ठरवणं त्याचं काम होतं ते त्याने मुकादमावर सोडलं होतं आणि मुकादमाने आत्यावर, हे त्या तिघांनाही माहीत होतं.

दोन घंटा झाल्या. माणसांनी हेल्मेट काढून केस पुसले. कोणीतरी चहा मागवला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाला घंटा झाली नाही.

इंजिनीअरने आतला फोन उचलला, ठेवला, परत उचलला. तार तपासली. बाहेरचा फोन लावला. "बचाव पथक निघालंय," त्याने सगळ्यांना सांगितलं. "ते येईपर्यंत आत कोणी जायचं नाही. मी सांगतोय, कोणी नाही." त्याचा आवाज चिरकला. आईने डबा भरून दिलेला मुलगा आत शिरायला बघत होता. चौघांनी त्याला धरून बसवलं.

मग सगळे आत्याकडे वळले. ती रुळांशेजारी जमिनीवर बसली होती, मांडीवर शर्ट.

"आत्या, सांगा ना. काय झालंय आत?"

"मला माहीत नाही."

"घंटेची तार तुटली असेल ना नुसती?"

"मला माहीत नाही."

"काल बरं माहीत होतं!" मागून कोणीतरी ओरडलं. एक खडा येऊन तिच्या पायाजवळ पडला. मोठा नव्हता.

भाचा मध्ये आला, दोन्ही हात वर करून. "शांत राहा, शांत राहा. आत्या ध्यानात आहेत."

"ध्यानात नाहीये रे," आत्या म्हणाली. "बाजूला हो. उजेड अडवतोयस."

तिने सुई काढली. मुकादमाची बायको तिच्याजवळ येऊन बसली, बाहीचं दुसरं टोक धरून कापड ताणून दिलं. आत्या वाकली. टाका, मग टाका. माणसं बोलायची थांबली. पंखा घरघरत राहिला. तिचं डोकं इतकं खाली गेलं होतं की कपाळ जवळजवळ रुळाला लागत होतं.

बऱ्याच वेळाने तिने मान न उचलता म्हटलं, "तो पंखा थांबवा जरा."

इंजिनीअरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो जवळ आला.

"काय म्हणालात?"

"पंखा थांबवा. थोडा वेळ."

"बाई, आत हवा त्यानेच जाते. आत माणसं आहेत."

"म्हणूनच."

"त्यातून काय होणार?"

"मला माहीत नाही."

इंजिनीअर तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा देवावर विश्वास नव्हता; ते तो कोणापासून लपवतही नसे. तरी त्याने विचारलं, आणि सगळ्यांनी ते ऐकलं, कारण तो ओरडूनच बोलत होता.

"हे तुम्हाला सांगितलं गेलंय की तुमचं तुम्हीच?"

आत्याने विचार केला. शर्टाच्या बाहीवरून तिचा अंगठा हळूहळू पुढे गेला, जिथवर शिवण झाली होती तिथवर.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "काल मला पक्कं माहीत होतं. आज तसं नाहीये."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मुकादमाच्या बायकोकडे. तिने नुसती मान हलवली. हो की नाही, ते तिलाच ठाऊक.

इंजिनीअर उठला, पंख्याजवळ गेला आणि त्याने खटका खाली ओढला.

आधी घरघर उतरत गेली. मग कापडी नळी सुस्कारा टाकून जमिनीवर बसली. मग पाती थांबली आणि त्याबरोबर पायांखालची थरथरही थांबली. ती इतके दिवस तिथे होती हे तेव्हा कोठे कळलं. बोगद्याच्या तोंडातून गार हवा बाहेर येत होती. तिला ओल्या दगडाचा वास होता.

आत्याने रुळाला कान लावला. मुकादमाची बायको दुसऱ्या रुळावर ओणवी झाली. मग तो डबेवाला मुलगा, मग भाचा, मग एकामागून एक पाळीवरची माणसं, हेल्मेट काढून, गुडघ्यांवर, आणि सर्वांत शेवटी इंजिनीअर.

पथक अजून वाटेत आहे. पंखा बंद आहे. रुळांवरून अजून कोणीही मान वर केलेली नाही.